दाराबाहेरच्या अकराजणी

माझ्या सासूबाईंना अख्खा प्रभाग कुलूपबाई म्हणतो. तोंडावर नाही, तोंडावर सगळे ‘मॅडम’च म्हणतात. पण जिन्यात, वाण्याकडे, दवाखान्याच्या रांगेत कुलूपबाई. त्यांना ते ठाऊक आहे, आणि मला तर वाटतं थोडं आवडतंही.

एकतीस वर्षं त्यांनी विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलं, पण त्यांचं खरं काम वर्गाबाहेर चालायचं. लोकशाही लोकशाही म्हणतात तिच्यात लोक नेमकं करतात तरी काय, हे बघायला त्या सभांना जाऊन बसायच्या. प्रभागाच्या सभा, शाळेतल्या पालकांच्या सभा, गटारावरून झालेल्या सभा. मागची रांग, मांडीवर तक्ता. कोण आलं, किती वाजता आलं, किती सेकंद बोललं, कुणी कुणाला मध्येच तोडलं, हात कधी वर गेला. अशा आठशे बारा सभा. त्यातून चार पुस्तकं निघाली आणि एक नियम.

नियमाची गोष्ट त्या घरी आलेल्या प्रत्येकाला सांगतात. मलाही लग्न ठरायच्या आधी सांगितली होती, बहुतेक परीक्षा म्हणून. त्या तिशीत असताना एका सभेत पन्नासेक माणसं तीन तास नळाच्या पाण्यावरून भांडली. घसे बसले, पण शेवटी तडजोड जमत आली. हात वर करायची वेळ आली आणि ठेकेदाराचे दोन ट्रक दारात उभे राहिले. ट्रकमधल्या माणसांना सभा कशाची आहे तेही माहीत नव्हतं. ती आली, हात वर केले, गेली. पन्नास माणसं बघत राहिली. त्यातली एक बाई सासूबाईंजवळ येऊन म्हणाली, “तुम्ही मघापासून एवढं लिहिताय, लिहून काय उपटलंत?”

म्हणून दार. सभेच्या ठोक्याला दार बंद. दाराशी पत्ता दाखवून नोंद झाली तेवढेच मतदार. त्यानंतर कुणीही आलं तरी बाहेर. पंधरा वर्षं खेटे घालून त्यांनी हा नियम महापालिकेच्या गळी उतरवला. एकदा खुद्द महापौर सात मिनिटं उशिरा आले आणि जिन्यात उभे राहिले. कुलूपबाई हे नाव त्या दिवशी पडलं.

निवृत्त झाल्यावर महापालिकेने त्यांनाच आमच्या प्रभाग सभेचं अध्यक्ष केलं. बाहेरच्या माणसांना हे फार छान वाटायचं. आम्ही त्यांच्याच घरात राहत होतो.

आम्ही म्हणजे मी, माझा नवरा आणि आमचं नऊ महिन्यांचं गोटू. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. मी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. दिवसभर परक्यांचे दात घासायचे आणि घरी यायचं तर ज्याला एकही दात नाही तो कडकडून चावतो. गोटू दिवसा प्रभाग कार्यालयाच्या तळमजल्यावरच्या पाळणाघरात असतो. दोन खोल्या, पिवळ्या चटया, आणि एक ताई, जिला प्रत्येक पोराची झोपायची कूस पाठ आहे.

त्या पाळणाघराच्या दारावर एका सकाळी कागद चिकटवलेला होता. बालसंगोपन कक्ष बंद करून तिथे कर भरण्याची खिडकी सुरू करण्याच्या प्रस्तावावर नागरिकांची सभा. सायंकाळी सहा वाजता, दुसरा मजला. खाली अध्यक्ष म्हणून सासूबाईंचं नाव.

दुसरं पाळणाघर दोन बस बदलून होतं, आणि तिथल्या यादीत माझ्या पुढे चाळीस नावं होती. हे गेलं की माझी नोकरी गेली. मी कागदाचा फोटो काढला आणि घरी आल्या आल्या त्यांच्यासमोर धरला.

“आई, वेळ बघितलीत?”

“सहा. का?”

“पाळणाघर सहाला सुटतं. ज्यांचं पाळणाघर जाणार, त्या सगळ्या त्याच वेळेला खाली पोरं ताब्यात घेत असणार.”

“मग जरा आधी घ्या.”

“साडेपाचला सुटतो आम्ही कामावरून. पोचेपर्यंत सहाला दोन-चार मिनिटं उरतात.”

“एक दिवस सुटी काढ.”

“बाळंतपणाची संपली. उरलेली ह्याच्या तापात गेली. मालक म्हणालेत, आता सुटी घेतलीस तर कायमचीच घे.”

त्यांनी चष्मा पुसला. “एकदा सूचना लागली की वेळ बदलता येत नाही. हा नियम कुणी केला?”

“तुम्ही.”

“कशासाठी?”

“अधिकारी ऐनवेळी वेळ बदलून लोकांना चकवायचे, म्हणून.”

“मग?”

हा ‘मग?’ एकतीस वर्षं पोरांवर वापरून वापरून त्याला धार आलेली आहे. त्याने कापलं की रक्त येत नाही, नुसतं झोंबतं.

“निदान दार लावायला पंधरा मिनिटं थांबा.”

“त्या खुर्चीत मी कुणाची आजी नसते.”

“घरात तरी कुठे असता,” मी म्हटलं.

नवऱ्याने अवजारांची पिशवी उचलली. “कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलंय,” तो म्हणाला आणि पायात चप्पल सरकवून गेला. त्याचा फोन वाजलेला मी तरी ऐकला नव्हता.

पुढचे पंधरा दिवस घरात बोलणं जेवणापुरतं उरलं. मी ताट ठेवायचे, त्या ‘ठेव’ म्हणायच्या. गोटू मात्र बिनधास्त. तो रांगत जाऊन त्यांच्या तक्त्यांवर लाळ गाळायचा आणि त्या तक्ता उचलून घ्यायच्या, त्याला नाही.

पाळणाघरात आम्ही अकराजणी होतो ज्यांना लवकर येणं शक्यच नव्हतं. त्यात जुळ्यांची आई सगळ्यात तोंडाळ. चपलांच्या दुकानात उभ्याने काम करते, घरी आल्यावर दोन्ही खांद्यांवर एकेक पोर. तिने मला कोपऱ्यात घेतलं.

“तुझी सासू थांबेल ना गं? खरं सांग.”

मला खरं माहीत होतं. पण ती दोन्ही पोरं माझ्याकडे बघत होती आणि बाकीच्या नऊजणी कान टवकारून उभ्या होत्या.

“थांबतील,” मी म्हटलं. “नातू आहे त्यांचा.”

“बघ हं. आम्ही तुझ्या भरवशावर आहोत.”

ताईने मान हलवली नाही. ती एक पायमोजा उलटा करत होती. “मी मात्र रोजच्यासारखंच देणार मुलं,” ती म्हणाली. “एकेक. सही, वेळ, दिवसभर काय खाल्लं ते सांगून. घाई करायची नाही.”

तिचंही खरं होतं. काही वर्षांपूर्वी, संध्याकाळच्या गर्दीत, एक मूल ज्याच्या हाती द्यायला नको त्याच्या हाती गेलं होतं. मूल सापडायला सहा तास लागले. तेव्हापासून ताईच्या दाराशी एका वेळी एकच आई. नोकरी तिची जाणार होती, तरी तिने पद्धत सोडली नाही. एकाच इमारतीत वर एक कुलूप आणि खाली एक.

सभेच्या दिवशी मी धावतच पोचले तेव्हा सहाला तीन मिनिटं कमी होती आणि रांगेत माझ्यापुढे पाचजणी. नवरा खरंच कुठल्याशा दवाखान्याच्या लिफ्टमध्ये होता, आत एक म्हातारी खाटेसकट अडकलेली. ज्या दोघीतिघींना सुटी मिळाली होती त्या केव्हाच वर जाऊन बसल्या होत्या. आणि आमची रांग मुंगीच्या पायाने पुढे सरकत होती.

“ताई, चल ना गं!”

“ह्याने दुपारचं अर्धंच खाल्लंय. सही. सहा वाजून दोन मिनिटं. पुढची.”

गोटू माझ्या हातात आला तेव्हा सहा वाजून नऊ मिनिटं झाली होती. दोन मजले चढून गेले. दार बंद होतं. वरच्या अर्ध्या भागात काच, काचेपलीकडे सभा. आतल्या बाजूला, दाराशी, नोंदीचा कारकून पाठ करून बसला होता. आधी आलेल्या पाचजणी जिन्यात उभ्या होत्या आणि एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही. पाठोपाठ बाकीच्या आल्या. शेवटी जुळ्यांची आई धापा टाकत पोचली, एक पोर कडेवर, एक पाठीशी बांधलेलं.

“ठोक की दार! तुझीच सासू ना!”

मी ठोकलं. आतल्या सगळ्या माना वळल्या. गुडघेकाका बोलत होते, ते थांबले. गुडघेकाका म्हणजे चौथ्या गल्लीतले निवृत्त तिकीट तपासनीस. दोन्ही गुडघे गेलेले, आणि दर सभेत ते गुडघ्यांपासूनच सुरुवात करतात. कर भरायला दोन मजले चढावे लागतात ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. वर चढून येताना तेसुद्धा चारदा बसले असणार. पण ते वेळेत निघाले होते, त्यांच्या हातात पोर नव्हतं.

सासूबाईंनी वर पाहिलं. काचेतून थेट माझ्याकडे. मी गोटूला उंच धरलं. मला लाज वाटते सांगायला, पण धरलं. त्याने आजीला ओळखलं आणि दोन्ही पंजे काचेवर आपटून खिदळला. काचेवर त्याच्या लाळेचा पट्टा उमटला.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मान खाली घातली, काहीतरी लिहिलं, आणि गुडघेकाकांना हाताने खूण केली, चालू द्या.

सात वाजता मतदान झालं. कर खिडकीसाठी तेवीस. पाळणाघर राहावं म्हणून सतरा. बाहेर आम्ही अकरा. ही बेरीज जिन्यातल्या प्रत्येकीने मनातल्या मनात केली आणि मग प्रत्येकीने माझ्याकडे पाहिलं.

“नातू आहे म्हणे त्यांचा,” जुळ्यांची आई म्हणाली. “तुझ्या शब्दाला काही किंमत? थांबणार नाहीत माहीत असतं तर मी पोरं शेजारणीकडून आणवली असती. कर्ज काढून सुटी घेतली असती. घरभेदी मेली.”

घरी मी गोटूला खाली ठेवलं आणि कपाटातून त्यांचं तिसरं पुस्तक काढलं. बाळंतपणात, त्याला पाजता पाजता, मी ती चारही वाचली होती. कुणाला खरं वाटणार नाही, पण मला आवडली होती. कोणत्या बाईला सभेत कुणी किती वेळा तोडलं हे एवढ्या चिकाटीने दुसऱ्या कुणी लिहून ठेवलंय? ते पान मला पाठ होतं.

त्या आल्या, पिशवी खुंटीला लावली. मी वाचायला लागले. “लहान मुलांच्या आया हा सार्वजनिक प्रश्नांबाबत सर्वांत उदासीन गट आढळतो. सभांना त्यांची उपस्थिती सर्वांत कमी असते.”

“बरोबर आहे.”

“आम्ही उदासीन?”

“आकडा तसं सांगतो.”

“तो आकडा दाराच्या आतला आहे, आई. तुम्ही आठशे बारा सभांत आतच बसलात. दार उघडून बाहेर किती उभे आहेत ते कधी बघितलंत? ठोक्याला दार लावायचं, आणि जो आत नाही त्याच्यापुढे लिहायचं, ह्याला रस नाही.”

“आवाज खाली. मूल घाबरतं.”

“आता आठवलं का मूल!”

गोटू खरंच घाबरला होता. खालचा ओठ बाहेर काढून तो आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत होता. मी त्याला उचललं, पण थांबले नाही.

“तुमचं मूल लहान असताना तुम्ही वेळेवर पोचायचात ना? मग त्याला कोण सांभाळायचं?”

“माझ्या सासूबाई.”

“त्या यायच्या का हो सभांना?”

“नाही. त्यांना कधी...” त्या थांबल्या.

“रस नव्हता?”

त्यांचा चेहरा असा झाला, जसा कुणी भर वर्गात त्यांच्याच फळ्यावरचं गणित खोडून दाखवलं असावं. पण त्या गप्प राहणाऱ्यांतल्या नाहीत.

“आज तुझ्यासाठी पाच मिनिटं थांबले असते, तर उद्या ट्रकवाल्यासाठी दहा मिनिटं थांबावं लागलं असतं. तुला तुझं पोर दिसतं. मला ते पन्नास लोक दिसतात.”

“आणि आम्ही अकराजणी?”

“सात दिवसांत आक्षेप घेता येतो. दहा सह्या लागतात,” त्या म्हणाल्या. “ज्यांना रस असतो ते घेतात.” आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. आवाज न करता. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी सह्या जमवल्या. सहा जणींच्या दारात मला पाणीसुद्धा विचारलं नाही. जुळ्यांच्या आईने चार वेळा वाचून सही केली आणि पेन माझ्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवलं.

सुनावणी प्रभाग अधिकाऱ्यासमोर होती. टेबलाच्या एका बाजूला मी, खालच्या पाळणाघरातून उचललेल्या गोटूला मांडीवर घेऊन. मालकाकडून दुपारचा तासभर मागून घेतला होता. दुसऱ्या बाजूला त्या. सकाळी एकाच गॅसवर आम्ही दोघींनी आपापला चहा केला होता, वेगवेगळ्या भांड्यांत.

“आक्षेपकर्तीचं अध्यक्षांशी नातं?” अधिकाऱ्याने विचारलं.

“सून,” मी म्हटलं.

“नोंद करा,” सासूबाई म्हणाल्या. “आणि नात्याचा विचार करू नका.”

अधिकारी गालातल्या गालात हसला. ह्या माणसाला नगरसेवकांचे रोज फोन यायचे, ते दाराचं झेंगट काढा म्हणून. त्याला आयतं सापडलं होतं. “मॅडम, बाहेर कुणी होतं, याची कुठे नोंद नाही. कारकुनाची तर पाठ होती. तुम्ही पाहिलंत का कुणाला?”

नाही म्हणाल्या असत्या तर तिथेच संपलं असतं. त्यांचा नियम, त्यांचं तिसरं पुस्तक, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. काचेवर उजेड होता, नीट दिसलं नाही, एवढं बोललं तरी पुरे होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्या मांडीवरून गोटू मात्र त्यांचा पदर पकडायला झेपावत होता.

त्यांनी पिशवीतून त्या दिवसाचा तक्ता काढला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

“अकरा बायका. बारा मुलं. पहिली सहा वाजून चार मिनिटांनी दाराशी आली, शेवटची सहा अठराला. मतदान होईपर्यंत एकही हलली नाही. छप्पन्न मिनिटं उभी राहिलेली आहे त्यातली पहिली. एवढा वेळ आतले लोकही जागेवर बसत नाहीत.”

त्यांनी त्याच वेळी, तिथेच, मान खाली घालून हेच लिहिलं होतं. आणि मला वाटलं होतं, गैरहजर.

“म्हणजे,” अधिकारी सावकाश म्हणाला, “दाराच्या नियमामुळे खरे नागरिक बाहेर राहिले, असं दार लावणारी व्यक्तीच सांगते आहे.”

“मी पाहिलं ते सांगितलं. नियमाचं मी काही बोलले नाही.”

“बोलायची गरज नाही, मॅडम. पुरेसं आहे.”

निर्णय रद्द झाला. पंधरा दिवसांनी नव्याने सभा ठरली, आणि त्याच कागदावर खाली दोन ओळी होत्या. यापुढे सभेचं दार शेवटपर्यंत उघडं राहील, नोंदवही ठेवली जाणार नाही. आमच्याच नव्हे, सगळ्या प्रभागांत. पंधरा वर्षांचे खेटे एका सहीत गेले. सासूबाईंनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला तो मला नवऱ्याकडून कळला.

“जाऊन बोल ना त्यांच्याशी,” तो म्हणाला.

“तू बोल. तुझी आई आहे.”

“माझ्याशीही बोलत नाही. म्हणते, तू त्या दिवशी कुठे होतास.”

नवी सभा साडेसहाला होती. दार सताड उघडं. आम्ही पोरं घेऊन आलो, कुणी पावणेसातला, कुणी सातला. पोरं खुर्च्यांखाली रांगत होती. नवरा वेळेवर आला, दोन्ही सभांची भरपाई केल्यासारखा सरळ बसला होता. सासूबाई शेवटच्या रांगेत, दाराजवळ, मांडीवर तक्ता. येणाऱ्या प्रत्येकाला त्या कोपऱ्यात सरकून जागा करून देत होत्या आणि गोड आवाजात काहीतरी विचारत होत्या. तो गोड आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता, म्हणून तर मला संशय आला.

मतदानाच्या जरा आधी जुळ्यांची आई बाहेर गेली आणि सहाजणांना घेऊन आत आली. दोघांच्या अंगावर चपलांच्या दुकानाचा सदरा होता. एक तिचा भाऊ, तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहतो, हे मला माहीत होतं. ती माझ्याजवळून जाताना कुजबुजली, “ह्या वेळी मी कुणाच्या भरवशावर नाही.”

मी तोंड उघडू शकले असते. गोटू माझ्या खांद्यावर झोपला होता, त्याचा घाम माझ्या मानेला लागत होता. मी उजवा हात वर केला, आणि तो खाली घेतला नाही.

पाळणाघर एकोणचाळीस. कर खिडकी एकतीस. ताई भिंतीला टेकून रडली. सगळ्याजणी तिच्या गळ्यात पडल्या, माझ्याही एकदोघी पडल्या. मी मागे पाहिलं. शेवटच्या रांगेतली खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच गुडघेकाका काठी टेकत आमच्या दारात. मी गोटूला भरवत होते.

“मॅडम आहेत? मॅडम, काल बाहेरची माणसं आणली होती ह्या बायकांनी. सगळा प्रभाग बोलतोय. पण मोजली कुणी? तुमच्याशिवाय कोण मोजणार! तक्ता द्या. उद्याच्या उद्या आक्षेप टाकतो.”

माझ्या हातातला चमचा गोटूच्या तोंडाशी तसाच राहिला. “आई,” मी म्हटलं. महिन्याभरात पहिल्यांदा आवाज न चढवता म्हटलं. “आई, नको ना.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. आत जाऊन तक्ता आणला आणि काकांच्या हातात दिला. “माझे तक्ते कुणीही बघावेत. पहिल्यापासून तसंच आहे.”

काकांनी बोट फिरवलं. “सहा! बघा, सहा बाहेरचे! तुम्हाला कसं कळलं?”

“विचारलं. टाकीकडून आलात की शाळेकडून? म्हणाले, टाकीकडून. आपल्याकडची टाकी पाडून चार वर्षं झाली.”

“वा! आता बघतो एकेकीला.”

“बघा. पण वजाबाकीही करा. एकोणचाळीसमधून सहा गेले.”

“तेहतीस.”

“आणि तुम्ही?”

काका तक्त्याकडे बघत राहिले. “एकतीस,” ते हळू म्हणाले.

“तीसच. तुमच्या शेजारी बसला होता तो तुमचा भाचा. तोही टाकीकडूनच आला होता.”

गोटूने चमचा हिसकावून जमिनीवर आपटला. काकांनी तक्ता टेबलावर टाकला, काठी सावरली. उंबऱ्यात वळून म्हणाले, “कुलूपबाई!” आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर. आणि गुडघे सांभाळत, एकेका पायरीवर टेकत खाली गेले.

मला हसायचं होतं, त्यांच्या पायांशी बसायचं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी जागेवरच राहिले.

“आनंद झाला?” त्या म्हणाल्या. “ते सहा आणायची गरजच नव्हती. तुम्ही तेहतीस होता. खरेखुरे, आपल्या पायांनी चालत आलेले. दार उघडं मिळालं होतं, माणसं होती. तेवढं मोजायचीही तसदी घेतली नाहीत.”

“भीती वाटली, आई.”

“ठेकेदारालाही भीतीच वाटली होती. म्हणून तर ट्रक.” त्यांनी तक्त्यावरचा भाताचा कण नखाने उडवला. “आणि तू बघत होतीस. तुझा हात कुठे होता, तेही लिहिलंय मी त्यात.”

पाळणाघर राहिलं, नोकरी राहिली, सोमवारी मी गोटूला ताईच्या हातात देणार होते. ते सगळं खरं होतं आणि मला त्यांच्या नजरेला नजर देता येत नव्हती.

“पुढच्या महिन्यात तिसऱ्या प्रभागात सभा आहे,” त्या म्हणाल्या. “मी जाणार आहे. आत नाही. जिन्यात, बाहेर बसणार आहे. कोण वर येतं, कोण अर्ध्या जिन्यातून परत जातं, ते बघायचंय. पहिल्यापासून. तुझ्या त्या दहाजणींना सांगून ठेव, तिथे मी दिसले तर येऊन गप्पा मारू नका. माझी मोजणी चुकते.”

“कोण येतंय तुमच्याशी गप्पा मारायला!” मी म्हटलं.